‘लॉर्ड लॉस’मध्ये रक्तापलीकडे बरंच काही आहे

डॅरन शॅनच्या ‘लॉर्ड लॉस’ या भयकादंबरीत (२००५) नुसता रक्ताचा सडा आहे, बाकी काही नाही, असं एका वाचकाने म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. सुरुवातीचं राक्षसांनी केलेलं हत्याकांड अंगावर येतं हे खरं, आणि लहान मुलांच्या हाती हे पुस्तक मीही देणार नाही. पण त्यानंतरची पानं पुन्हा वाचून बघा. आईवडील आणि बहीण गमावलेला कथानायक ग्रब्ज जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगतोय, आणि सगळे त्याला भ्रमिष्ट ठरवून मोकळे होतात. मला राक्षसांपेक्षा हे जास्त भयंकर वाटलं. त्याचा डर्विश काका त्याचं खरं मानतो तेव्हा कुठे जीव भांड्यात पडतो.

(शेवट कळायला नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

ग्रब्ज लॉर्ड लॉस या राक्षसाशी बुद्धिबळ खेळतो, तो प्रसंग उगाच घुसडलाय, हे त्या वाचकाचं म्हणणंही पटत नाही. लॉर्ड लॉस माणसांच्या दुःखावर पोसला जातो. ग्रब्ज घाबरून, जीव तोडून खेळतो तोवर त्या राक्षसाची चंगळ. हार-जीत मनातून काढून ग्रब्ज थंडपणे मोहरे सरकवायला लागतो, तसा समोरचा बिथरतो. मनगटाच्या जोरावर जिंकणारे नायक पुष्कळ असतात. इथे भीतीवर ताबा मिळवणं हेच शस्त्र आहे, आणि चौदा-पंधराच्या वयात नेमकं तेच सगळ्यात अवघड असतं.

‘लॉर्ड लॉस’पासून सुरू होणारी ही मालिका १० पुस्तकांची आहे. दुसऱ्यात नायक बदलतो, काळही मागे जातो, म्हणून बरेच जण तिथेच सोडतात. ग्रब्ज तिसऱ्यात परत येतो, तेवढा धीर धरा.