खाडीकाठचा जोडीनाच: दोन अडचणी

तुम्ही रचलेल्या कल्पित खाडीवासी जमातीत नवरानवरी हात घट्ट धरून गरगर फिरतात आणि ज्याचा तोल आधी जाईल त्याने दुसऱ्याच्या घरी नांदायला जायचं, ही कल्पना भारी आहे. पण ही तर आपली फुगडीच झाली की!

फुगडीत हातांची फुली, पावलं जवळजवळ एकत्र आणि अंग मागे झोकलेलं. दोघांच्या वजनात फरक असला की फिरण्याचा आस जड माणसाकडे सरकतो, हलक्याला मोठं वर्तुळ पळावं लागतं. मागच्या मंगळागौरीला आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी आणि जाऊबाई उभ्या राहिलो. त्या जागच्या जागी, मी थेट खुर्च्यांच्या चळतीत! बांगडी वाढली ती वेगळीच. म्हणजे तुमच्या नियमाने बारीक माणूसच कायम हरणार. त्यापेक्षा दोघांनी एकाच ठेक्यावर थांबायचं असं ठेवा, ते खरं अवघड.

दुसरं, ‘रोज दिवेलागणीला, भरती आली की नाच’ हे जमायचं नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आमच्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या कोळ्याला विचारा, तिथीवरून वेळ सांगेल. मग नाचही तिथीवरच बांधा ना: अष्टमीला भांगाची भरती, पाणी कमी चढतं, तेव्हा ठाय म्हणजे संथ लय; पुनवेला उधाण, तेव्हा द्रुत. लग्नं अर्थात पुनवेचीच लागणार, आणि म्हाताऱ्या जोडप्यांसाठी अष्टमी राखीव.