एडिसन स्टँडर्डचा पट्टा घरी कसा करायचा?

प्रश्न: सिलिंडरवाल्या (तबकडीऐवजी नळीवरचं गाणं वाजवणाऱ्या) एडिसन स्टँडर्ड फोनोग्राफचा चामडी पट्टा तुटलाय. रबरी चालेल का? लांबी कशी काढू?

चावीवाला: रबर नको, ताणतं आणि सूर हलतो. ताणचाक, म्हणजे पट्टा ताणून धरणारं चाक, मधोमध धरून पुलींभोवती दोरा गुंडाळा, त्यात जोडासाठी १५ मिमी वाढवा. चामडं साधारण १ मिमी, सगळीकडे एकाच जाडीचं.

जुनंपुराणं: घात जोडच करतो! दोन्ही टोकं १५ मिमीपर्यंत जाडीत तिरकी तासा, एकावर एक ठेवून बोटांनी चाचपा. उंचवटा राहिला तर तो पुलीवरून जाताना दरवेळी आवाज लचकतो. रबर सोल्यूशन दोन्हीकडे लावा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. शिवू नका.

प्रश्नकर्ता: आणि घसरला तर?

चावीवाला: आधी पुलीवरचं तेल स्पिरिटने पुसा. उगाच आवळलात तर बेअरिंग झिजतं. मग वेग लावा, सिलिंडरचे मिनिटाला १६० फेरे.