मेक्सिकोत मोटारसायकलवर: आई नको म्हणते, बायको गप्प आहे

कऱ्हाडचा_पक्या

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस फक्त वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

मी ऑस्टिनला राहतो. गाडी सुझुकी व्ही-स्ट्रॉम 650. टेक्सासच्या टेकड्यांतले सगळे रस्ते इतक्यांदा उगाळून झालेत की वळणं झोपेतही घेईन. फेब्रुवारीत बारा दिवस सुट्टी आहे आणि सीमेवरच्या लारेडोवरून खाली मेक्सिकोत उतरायचं डोक्यात बसलंय.

अडचण अशी की प्रत्येक जण वेगळं सांगतो. ऑफिसातला एक जण मूळचा मेक्सिकोतल्या मॉन्तेर्रेचा. तो म्हणतो, "मीच सीमा गाडीने ओलांडत नाही, विमानाने जातो." दुसरे दोघे तीनदा जाऊन आलेत, ते माझ्या शंकांवर हसतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तिकडं माणसं पळवून नेत्यात म्हणं. तुला आणि कुठं जायला जागा न्हाई का?" बायको काहीच बोलत नाही, आणि ते जास्त जड जातंय. रात्री उशाशी फोन घेऊन मी त्या 2023 च्या, सीमेपलीकडच्या मातामोरोसच्या बातम्या वाचत बसतो. चार अमेरिकन पळवले होते, दोघे मारले गेले.

तर जाऊन आलेल्यांनी खरं सांगा. भीती किती धरायची? आणि तिकडे असं काय आहे की ती अंगावर घ्यावी? माझं स्पॅनिश ताको मागवण्यापुरतंच आहे.

पुणेरी_पासपोर्ट

आधी कागद बघा, मग डाकू. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा शिक्क्यासह असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्ड असेल तरी नाही. पण शिक्का संपलाय आणि हातात फक्त एच-1बीच्या मंजुरीचा कागद आहे, असं असेल तर तो कागद मेक्सिको मानत नाही. आमच्या एका मित्राने हे सीमेच्या पुलावर पोहोचल्यावर शोधून काढलं. बाकी चालू द्या.

आर्वीकर

पक्याभाऊ, मी फेब्रुवारी 2025 मध्ये तुमच्याच वाटेने गेलो होतो. सॅन अँटोनियोहून निघून परत, तेरा दिवस, तीन हजार किलोमीटरच्या आसपास, एकटा. वय एकावन्न, गुडघा एकच धड. तेव्हा शूरवीर म्हणून लिहीत नाहीये.

आईची भीती खोटी नाही, तिच्याकडे फक्त नकाशा नाही. मी निघालो तेव्हा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या 'जाऊच नका' यादीत सहा राज्यं होती: तामाउलिपास, सिनालोआ, साकातेकास, मिचोआकान, गेर्रेरो आणि कोलिमा. मी ती यादी लक्ष्मणरेषा मानली. साकातेकास शहर गुलाबी दगडाचं आहे, फार देखणं, आणि माझ्या वाटेपासून दोनएक तासांवर होतं. नाही गेलो. अजून चुटपुट लागते, पण नाही गेलो. दुरांगोहून मासात्लानला उतरणारा 'सैतानाचा कणा' नावाचा घाट आहे. मोटारसायकलवाले त्याच्यासाठी जीव टाकतात. पण तो उतरतो सिनालोआत, आणि तिथे सप्टेंबर 2024 पासून टोळीचे दोन गट आपसात लढत होते. तोही सोडला.

लारेडोहून सरळ पलीकडे गेलात की नुएव्हो लारेडो लागतं, म्हणजे तामाउलिपास. म्हणून लोक वायव्येला असलेल्या कोलंबिया पुलावरून जातात. तो थेट नुएव्हो लेओन राज्यात उतरतो. पूल मोकळा, रांग छोटी. गाडीचा तात्पुरता परवाना तिथेच मिळतो, त्यांच्या लष्करी बँकेच्या खिडकीवर. 2007 किंवा त्यानंतरच्या गाडीला 400 डॉलर अनामत. परत येताना सीमेवरच्या अशाच खिडकीवर परवाना रद्द करून घ्यायचा. घरी जायच्या ओढीत तसाच पूल ओलांडलात की अनामतीवर पाणी. अमेरिकेचा विमा तिकडे चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा घ्या. आणि आजारपणाच्या विम्यातलं बारीक अक्षर वाचा. पुष्कळ विमे मोटारसायकलवरून पडलेल्याला पैसे देत नाहीत.

आता ज्याने मला खरोखर पाडलं, त्याबद्दल. तो टोळीवाला नव्हता, गतिरोधक होता. तिकडे 'तोपे' म्हणतात. प्रत्येक गावात शिरताना एक, निघताना एक, आणि ज्याच्या घरासमोर त्याला वाटेल तिथे आणखी एक. कुठे पाटी असते, कुठे नसते. रिओव्हेर्देच्या पुढे एका गावात झाडाच्या सावलीत असा एक दडून बसला होता. ताशी साठने गेलो. मागचं चाक उडालं, मी डाव्या मनगटावर पडलो, सामानाची पेटी उघडून चड्ड्या रस्त्यावर. एक म्हातारी घरातून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, मला बसवलं आणि कोकची थंड बाटली मनगटावर दाबून धरली. तिच्या नातवाने कपडे गोळा केले. समोरच रस्त्याकडेला टायर टांगलेलं दुकान. आपल्याकडे पंक्चरवाला ओळखायची जी खूण, तीच तिकडे. त्या माणसाने रिम लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून तासभर ठोकून सरळ केली, दीडशे पेसो घेतले. म्हातारीला पैसे देऊ केले तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाकीट परत खिशात टाकलं.

हे ऐकून 'माणसं किती चांगली' असं म्हणायला मोकळे होऊ नका. दोन दिवसांनी एका डोंगरी रस्त्यावर वळण घेतलं तर पिकअप आडवी उभी, चार माणसं, गणवेश नाही, एकाच्या हातात वॉकीटॉकी. मी वेग कमी केला, हेल्मेटची काच वर केली, मान हलवली. त्याने माझ्या नंबरप्लेटकडे बघितलं, यंत्रात काहीतरी बोलला आणि हाताने 'जा' केलं. ते गावराखणीचे होते की आणखी कोणी, मला आजही ठाऊक नाही. पुढचे वीस किलोमीटर मी आरसाच बघत होतो. वळणं सुंदर होती म्हणे.

अंधार पडायच्या आत गाडी आत, हा एक नियम मी मोडला नाही. दुपारी चारला मुक्काम. रात्री रस्त्यावर गाई असतात, बिनदिव्याचे ट्रक असतात, आणि ज्यांना तुमच्याशी काम आहे असे लोकही असतात. सॅन लुईस पोतोसीकडे जाणारा 57 नंबरचा महामार्ग तर दिवसाही ट्रकांनी गच्च असतो. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो तेव्हा त्याचा अर्थ 'रस्ता मोकळा, ओलांड' असा असू शकतो, किंवा तो खरंच डावीकडे वळत असतो. आपले ड्रायव्हर निदान खिडकीतून हात तरी काढतात! पैशाचे रस्ते आणि फुकटचे रस्ते असे दोन प्रकार आहेत. नुसतं अंतर कापायचं असेल तिथे पैसे भरा, बघण्यासारखं असेल तिथे फुकटचा धरा.

पोलीस? एका शहरात एकाने अडवलं, मी लाल दिवा तोडला म्हणे. हजार पेसो. मी आपली भारतीय विद्या वापरली: पावती द्या साहेब, मी ठाण्यात भरतो. आणि कट्ट्यावर बसून पाणी प्यायला लागलो. वीस मिनिटांत त्यालाच कंटाळा आला. लष्कराच्या नाक्यांवर मात्र पोरं नीट बोलली. कुठून आलात, कुठे चाललात, आणि गाडी केवढ्याला घेतली.

मिळतं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. रेआल दे कातोर्से नावाचं चांदीच्या खाणींचं जुनं गाव आहे, 2,700 मीटरच्या वर. शेवटचा रस्ता गोट्यांचा, दात खिळखिळे करणारा. मग डोंगराच्या पोटातून 2.3 किलोमीटरचा एकेरी बोगदा. दोन्ही टोकांना माणसं बसलेली, एका बाजूची गाडी आली की दुसऱ्या बाजूची सोडतात. आत माझाच आवाज माझ्या अंगावर येत होता. बाहेर पडलो तर अर्धं पडकं दगडी गाव, थंडी आणि चुलीचा धूर. मुक्कामाच्या मालकिणीने गाडी रस्त्यावर ठेवू दिली नाही. फळी टाकून ती थेट जेवणाच्या खोलीत घेतली. रात्री मी आणि व्ही-स्ट्रॉम एकाच खोलीत जेवलो. (हो, माझीही तीच गाडी, पण 2012 ची.)

दुसरं म्हणजे सिएर्रा गोर्दा डोंगररांगेतला 120 नंबरचा रस्ता. मी शिलित्ला गावाहून, म्हणजे ओल्या बाजूने चढलो. केळी, कॉफी, शेवाळ, धुकं. तासन्‌तास वळणं. वर 'स्वर्गाचं दार' नावाची खिंड आहे. ती ओलांडून खाली उतरलं की हवा कोरडी होत जाते आणि पुढे निवडुंग. आंबोलीहून निघून एका दुपारीत माणदेशात उतरल्यासारखं. मला वळणांचं एवढं कौतुक नाही, पण त्या खिंडीत थांबून दहा मिनिटं इंजिन थंड होतानाचा टिकटिक आवाज ऐकत बसलो होतो.

आणि एक कारण माझं खासगी. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, देश सुटलेला, आणि 1920 च्या दशकात मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत मका आणि गव्हावर काम करत होते. तिकडचा मोठा चित्रकार दिएगो रिव्हेरा, त्याने त्यांना मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात रंगवलंय. त्या शहरात गाडी चालवायची माझी छाती नव्हती, म्हणून ती केरेतारो शहरातल्या हॉटेलात ठेवून बसने गेलो. भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा हेल्मेट सवयीने काखेतच होतं. त्या चित्राचं नाव 'आमची भाकरी' असं आहे. आदल्याच दिवशी एका बाईने मला तव्यावरून मक्याची भाकरी काढून दिली होती, वर नुसतं मीठ. आमच्या घरी ज्वारीची पहिली भाकरी अशीच कोणीतरी पळवायचं. त्यावर आणखी काही लिहीत नाही, टायपिंगला मनगट अजून कुरकुरतं.

सॅनडिएगोचा_सदू

आर्वीकर, झकास. पण पहिल्या खेपेला बाहा, म्हणजे पश्चिमेचं ते लांब द्वीपकल्प, का नको? तिथे गाडीचा तात्पुरता परवाना लागत नाही, अनामत नाही, मुख्य रस्ता एकच. एल रोसारिओ ते गेर्रेरो नेग्रो तीनशेच्या वर किलोमीटर पेट्रोलचा भरवसा नाही, मध्ये काताविन्याला लोक कॅनमधून विकतात, ते घ्या. फेब्रुवारीत तर गेर्रेरो नेग्रोच्या खाडीत करडे देवमासे पिलांसह असतात. बाकी धोका तिथेही आहेच. एप्रिल 2024 मध्ये एन्सेनादाच्या दक्षिणेला तीन सर्फर मारले गेले, त्यांच्या ट्रकच्या टायरांसाठी. आडबाजूला तंबू ठोकून राहू नका, एवढं मी त्यातून घेतलं.

मागची_सीट

मी कधी चालवत नाही. माझा नवरा चालवतो आणि मी घरी असते, म्हणून लिहिते.

पक्या, बायको गप्प आहे म्हणजे 'नको' म्हणत नाहीये असं समजू नका. तिला माहितीये की 'नको' म्हटलं तर आयुष्यभर ऐकवाल आणि 'जा' म्हटलं आणि काही झालं तर तिला स्वतःलाच ऐकवत राहावं लागेल. आमच्याकडे असंच झालं होतं. चिवावा राज्यातल्या दऱ्यांत हा गेला, नऊ तास फोन नाही. रेंज नव्हती, बस्स. तो तिकडे डाळिंबाचं सरबत पीत होता आणि मी इकडे दूतावासाचा नंबर शोधत होते. तो जे कमवून आला त्यातलं मला काय मिळालं? तीनशे फोटो.

पुढच्या वेळी मी अटी घातल्या. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, दर दोन तासांनी एक खूण. रोज सकाळी त्या दिवसाचा रस्ता आणि मुक्कामाचं नाव मला लेखी. रस्ता बदलला तर आधी निरोप, मग वळण. आणि कागदपत्रं, विमा, पासवर्ड एका फायलीत, माझ्या कपाटात. ती फाइल करताना तो पहिल्यांदा गंभीर झालेला पाहिला. आर्वीकर, तुमच्या पिकअपची गोष्ट घरी सांगितली का हो?

आर्वीकर

ताई, नाही. मनगटाचं सांगितलं, तेही 'पाय घसरला' म्हणून. आज तुमचं वाचल्यावर हिला हा धागा दाखवला. आता स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येतायत.

कऱ्हाडचा_पक्या

सगळ्यांचे आभार. सदूभाऊ, बाहा पुढच्या वर्षी, मला ऑस्टिनहून लांब पडतं.

काल रात्री बायकोला बसवून नकाशा उघडला. ती सहा राज्यं तिनेच लाल पेनाने खोडली. मग रेआल दे कातोर्सेचा बोगदा दाखवला तर पहिलं वाक्य बोलली: "आणि मी विमानाने केरेतारोला आले तर?" त्यावर काय बोलावं सुचेना. तिने म्हणे दोन आठवड्यांपूर्वीच तिकिटं बघून ठेवली होती. आईला अजून सांगितलं नाही.

आर्वीकर, ते गाव रिओव्हेर्देच्या नेमकं किती पुढे? तो तोपे नकाशात टाकून ठेवतो. आणि म्हातारीसाठी इकडून काय नेता येईल?

आर्वीकर

साधारण पंचवीस किलोमीटर. उजव्या हाताला निळं दुकान, त्याच्या आधीचं मोठं झाड. शेंगदाण्याची चिक्की न्या, दात शाबूत आहेत तिचे. तिसावर या, साठवर नको.