मदत हवी आहे: ताम्हिणीने उतरून आंबेनळीने परत, तीन दिवसांत जमेल का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन कोकणात जायचं आहे, स्विफ्ट मीच चालवणार. कोथरूडहून पहाटे निघून मुळशी, ताम्हिणी, माणगावमार्गे हरिहरेश्वरला पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून सावित्रीची खाडी ओलांडायची, वेश्वीला उतरून केळशी, आंजर्ल्यावरून हर्णै. तिसऱ्या दिवशी दापोली, खेड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, वाईवरून घरी. हा शेवटचा दिवस मला फार लांबतोय असं वाटतं. दापोलीला एक मुक्काम वाढवू का?

आईला घाटात मळमळतं. मागच्या वेळी आवळासुपारी चघळत, काच खाली करून बसली होती, तरी दोनदा थांबावं लागलं. म्हणून ताम्हिणीत गाडी बाजूला घेऊन निवांत थांबता येईल अशा जागा सांगा.

तिला हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही करायची आहे. ती ओहोटीलाच करायची, एवढं पक्कं. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचे. त्या हिशोबाने अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. अष्टमीलाच पोहोचतोय, पण दुपारच्या उन्हात तिचे गुडघे त्या कातळातल्या पायऱ्या उतरतील का? वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर जरूर सांगा.

आणि बोटीवर गाडी चढवायची माझी पहिलीच वेळ आहे. काय काळजी घेऊ?