पंपाने छाती मोकळी होते, मग हात का थरथरतात?

प्रश्न (सोलापूर, बी.एस्सी. द्वितीय वर्ष)

माझ्या वडिलांनी तीस वर्षे यंत्रमागावर चादरी विणल्या असून त्यांना दम्याचा त्रास आहे. धाप लागली की ते साल्ब्युटामॉलचा पंप घेतात. काही मिनिटांत छाती मोकळी होते, मात्र त्यानंतर हातात चहा दिला तर कप बशीवर खडखडत राहतो आणि छातीत धडधडते, असेही ते सांगतात. संप्रेरक आणि पेशीवरील ग्राही यांची जोडी कुलूप-किल्लीसारखी असते, एवढेच आमच्या पुस्तकात आहे. किल्ली एकच असताना एक स्नायू सैल पडतो, दुसरा थरथरतो आणि हृदय मात्र जोराने चालू लागते, हे कसे घडते?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र)

कुलूप-किल्लीची उपमा ओळखीपुरती ठीक आहे. पण दार उघडल्यावर आत काय आहे, हे ती सांगत नाही. सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंगा एकच वाजे, परंतु तो ऐकून एका पाळीचे कामगार घराकडे वळत, दुसऱ्या पाळीचे फाटकातून आत शिरत आणि घरोघरी भाकरीसाठी तवा चढे. कोणी काय करायचे, हे भोंग्यात नव्हते, ऐकणाऱ्यात होते.

साल्ब्युटामॉल हे ॲड्रेनलिन या संप्रेरकाची नक्कल करणारे औषध आहे. त्याला पेशीच्या आत शिरावे लागत नाही. पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेल्या बीटा-२ या ग्राहीला ते बाहेरूनच चिकटते. त्यामुळे ग्राहीचा आकार किंचित बदलतो, आतल्या बाजूचे जी-प्रथिन जागे होते, ते ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) चालना देते आणि पेशीत चक्रीय एएमपी हा दुसरा संदेशवाहक वाढतो. तो प्रोटीन किनेज ए या विकराला कामाला लावतो आणि हे विकर निरनिराळ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडत सुटते.

इथपर्यंतची साखळी श्वासनलिकेच्या आणि हृदयाच्या स्नायूंत जवळजवळ सारखीच आहे. वाटा फुटतात त्या यानंतर. श्वासनलिकेच्या अरेखित स्नायूत आकुंचन घडवणारी यंत्रणा या फॉस्फेटमुळे मंदावते, म्हणून नळी रुंदावते. हृदयाच्या पेशीत तेच विकर कॅल्शियमच्या वाहिन्यांना फॉस्फेट जोडते, प्रत्येक ठोक्याला अधिक कॅल्शियम आत येते आणि आकुंचन जोमदार होते. चक्रीय एएमपीचा शोध लावणाऱ्या अर्ल सदरलँड यांना 1971 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते काम यकृतातील ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, झाले होते, कारण यकृताला हाच संदेश 'साखर सोडा' असा ऐकू येतो.

उत्तर २ (औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी)

सरांच्या उत्तरात थोडी भर घालते, कारण ग्राहीसुद्धा एकाच जातीचे नसतात. रेमंड अहलक्विस्ट यांनी 1948 मध्ये अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले, तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे 1967 मध्ये बीटाचेही दोन भाग पडले: हृदयात प्रामुख्याने बीटा-१, श्वासनलिकेत बीटा-२. जुने आयसोप्रेनालीन दोन्हींवर सारखेच काम करी, त्यामुळे दमा हटे पण हृदय धडधडे. साल्ब्युटामॉल त्या मानाने बीटा-२ कडे झुकलेले आहे. झुकलेले म्हणते, कारण ही निवड पूर्ण नसते.

आता कपाबशीचा मुद्दा. हातापायांच्या स्नायूंतही बीटा-२ ग्राही असतात. फवाऱ्यातले थोडे औषध रक्तात उतरते, तिथे पोहोचते आणि स्नायूंतील संथ तंतूंचे आकुंचन लवकर संपवते. मग लागोपाठचे झटके एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि बोटांना कंप सुटतो. नियमित वापरात तो बहुधा कमी होतो, कारण सतत संदेश आला की पेशी आपले ग्राही पृष्ठभागावरून आत ओढून घेते. हाक तीच राहते, ऐकणारे कान कमी होतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. वडिलांना रक्तदाबाचीही गोळी सुरू होणार आहे. तिथेही ग्राहींचा संबंध येतो का?

उत्तर २

गोळी कोणती, यावर ते अवलंबून आहे. सगळ्या गोळ्या बीटा ग्राहींवर चालत नाहीत. प्रोप्रॅनोलॉल मात्र बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवते, म्हणजे पंपाने जे दार उघडायचे त्यालाच कडी लावते, त्यामुळे दम्याच्या रुग्णाला ते टाळतात. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल मुख्यतः बीटा-१ वर काम करतात, तरी मात्रा वाढली की तो भेद पुसट होतो. रक्तदाबाच्या डॉक्टरांकडे जाताना पंप खिशात घेऊन जा आणि तो टेबलावर ठेवूनच बोलायला सुरुवात करा.