मदत हवी आहे: खाली फक्त ५ मीटर आहे, २ मीटरचं लॅनयार्ड (हार्नेसपासून हुकपर्यंतचा सुरक्षा पट्टा) चालेल का? आणि हुक नेमका कशात अडकवायचा?

नमस्कार मंडळी, उंचीवर काम केलेल्या किंवा करून घेतलेल्या लोकांनी प्लीज वाचा, काम लवकरच सुरू होतंय म्हणून जरा घाईत टाकतोय.

आमच्या टीमला पाइप रॅकवरच्या पाइपांचं जुनं इन्सुलेशन काढून नवीन बसवायचंय. ज्या बीमवर उभं राहायचं तो जमिनीपासून साधारण ५ मीटरवर आहे, खाली काँक्रीट. दोन कॉलमच्या मध्ये वायर रोपची आडवी लाइफलाइन बांधणार आहेत, कमरेच्या जरा खाली म्हणजे बीमपासून १ मीटर वर, कॉलममधलं अंतर १० मीटरच्या आसपास. प्रत्येकाला फुल बॉडी हार्नेस आणि दोन हुकवालं लॅनयार्ड, लांबी २ मीटर, शॉक अब्सॉर्बर (पडल्यावर झटका शोषणारा भाग) लावलेलं. सामान सगळं नवीन आहे, त्यावर ईएन ३५५, ईएन ३६२ असं छापलेलं आहे (युरोपियन मानकं, पहिलं अब्सॉर्बरचं, दुसरं हुकांचं).

आता शंका. सुपरवायझर म्हणतात लाइन जितकी ताणता येईल तितकी ताणा, झोल अजिबात नको, आणि एकाच लाइनवर दोघं काम करतील. ते बरोबर आहे का? दुसरं म्हणजे एक हुक लाइनला असताना दुसरा रिकामा हुक पोरं कमरेच्या बाजूच्या रिंगला अडकवतात, मला ते बघून बरं वाटत नाही पण नेमकं काय चूक आहे ते सांगता येत नाहीये. तिसरं, जिथे लाइन नाही तिथे लॅनयार्ड बीमभोवती फिरवून हुक परत त्याच लॅनयार्डच्या पट्ट्यावर लावायचा असं ठरतंय. आणि सगळ्यात मोठी शंका म्हणजे पडलाच कुणी तर ५ मीटर पुरतात का? "बेल्ट लावलाय ना, मग झालं" हे उत्तर मला नकोय, म्हणून इथे विचारतोय.

दोरवाला:
एकच गोष्ट आधी सांगा, उभं राहायच्या बीमच्या वर काही आहे का? वरचा टियर, कॉलमची ब्रॅकेट, काहीही मजबूत?

धागाकर्ता:
हो, वर अजून एक टियर आहे, आय बीम, आमच्या बीमपासून अडीच मीटर वर. त्याच्या कडा चांगल्याच धारदार आहेत.

दोरवाला:
मग तो वरचा बीमच तुमचं उत्तर आहे. कसं ते सांगतो, कागद पेन घ्या आणि हे गणित सुपरवायझरसमोर बसून करा, कारण नुसतं "धोकादायक आहे" म्हटलं की कुणी ऐकत नाही, आकडे मांडले की ऐकतात.

जागा अँकरपासून, म्हणजे हुक जिथे अडकवतो तिथपासून, खाली मोजायची. लॅनयार्ड २ मीटर. अब्सॉर्बर फाटत फाटत लांब होतो, ईएन ३५५ मध्ये त्याला जास्तीत जास्त १.७५ मीटर परवानगी आहे. हार्नेसच्या पाठीवरच्या डी-रिंगपासून (लॅनयार्ड जोडायची कडी) पायापर्यंत साधारण १.५ मीटर. शिवाय पायाखाली १ मीटर राखीव. झाले ६.२५ मीटर. तुमची लाइन बीमच्या १ मीटर वर, म्हणजे जमिनीपासून ६ मीटर. म्हणजे लाइन जराही खाली आली नाही असं धरलं तरी राखीव जागेतले पाव मीटर गेले, आणि लाइन तर खाली येणारच. १० मीटरच्या गाळ्यात मधोमध झटका बसला आणि दोन्ही बाजूंना आडव्या रेषेशी नुसता १५ अंशांचा कोन झाला तरी मध्यभाग १.३ मीटरहून जास्त खाली जातो. मग माणूस काँक्रीटवर आपटतो, हार्नेस घातलेला, हुक लावलेला, सगळं नियमात.

अजून एक. डी-रिंग पायापासून दीड मीटरवर, लाइन १ मीटरवर, म्हणजे रिंग लाइनच्या अर्धा मीटर वर आहे. पडला की आधी तो अर्धा आणि मग लॅनयार्डचे २, असा अडीच मीटर तो मोकळाच पडणार. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमात मोकळं पडणं १.८ मीटरच्या आत ठेवायला सांगितलंय, तेही तुमच्याकडे मोडतंय.

आता तेच लॅनयार्ड वरच्या बीमला अँकर केलं तर अँकर ७.५ मीटरवर येतो, मोकळं पडणं १ मीटरवर येतं आणि अब्सॉर्बर पूर्ण फाटला असं धरूनही सव्वा मीटर शिल्लक राहतं. किंवा तिथे रिट्रॅक्टेबल ब्लॉक (गाडीच्या सीट बेल्टसारखा पट्टा आत ओढून घेणारा) टांगा, तो अगदी थोड्या अंतरात लॉक होतो. किती जागा लागते ते त्या ब्लॉकच्या लेबलवर बघा, प्रत्येकाची वेगळी असते. पण ब्लॉकचा हुक थेट डी-रिंगला लावायचा, मध्ये हे २ मीटरचं लॅनयार्ड जोडून लांबी वाढवायची नाही. आणि तो डोक्याच्या सरळ वर हवा. बाजूला चारपाच मीटर सरकून काम केलं आणि पाय घसरला तर माणूस झोपाळ्यासारखा फिरून कॉलमवर जाऊन आदळतो, आणि तो मारही पडण्याइतकाच असतो.

लाइन ताणण्याबद्दल. सुपरवायझरचं लॉजिक समजतं, झोल कमी तर पडणं कमी. पण ताण उलटा वाढतो. मधोमध ६ किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण ६०० किलोच्या ओढीइतका, झटका बसला (अब्सॉर्बर नीट चालला तरी एवढा येऊ शकतो, ईएन ३५५ ची मर्यादाच ती आहे) आणि त्या क्षणी लाइनचा कोन ३० अंश असला तर प्रत्येक टोकाला ६ किलोन्यूटनच येतात. १५ अंश असला तर साडेअकराच्या वर. ५ अंश असला तर ३४. म्हणजे जवळपास साडेतीन टन ओढ, एका माणसाच्या पडण्याने! हे कॉलमला मारलेली ब्रॅकेट, टर्नबकल, क्लिपा सगळ्यांनी सहन करायचं. म्हणून आडवी लाइन अंदाजाने बांधायची वस्तूच नाही. ती हिशेब करू शकणाऱ्या इंजिनिअरने डिझाइन करावी, किंवा तयार सिस्टिम घ्यावी ज्यात लाइनचा स्वतःचा शॉक अब्सॉर्बर आणि ताण दाखवणारा इंडिकेटर असतो. किती माणसं चालतील हे तिच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. दोघांसाठी नसेल तर दोघं नाहीत, कारण एक पडला की लाइनला जो हिसका बसतो त्याने दुसराही पाय सोडतो.

गाठ_मारा:
वरचं सगळं पटलं, मी फक्त हुकांवर लिहितो कारण माझ्या पाहण्यात हार्नेस सगळे नीट घालतात आणि जोडताना गडबड करतात.

रिकामा हुक बाजूच्या रिंगला का नको. दोन पायवाल्या लॅनयार्डमध्ये अब्सॉर्बर पाठीकडे असतो आणि दोन्ही पट्टे त्याच्या पुढच्या टोकातून निघतात. पडल्यावर ते टोक माणसापासून लांब जायला हवं, तरच अब्सॉर्बर फाटणार. तुम्ही दुसरा पट्टा हार्नेसच्याच मजबूत रिंगला बांधून ठेवलात तर तो पट्टा अब्सॉर्बरला उघडूच देत नाही, सगळा झटका थेट अंगावर. तुम्हाला जे खटकत होतं ते हेच. छातीच्या पट्ट्यावर हुक ठेवायला प्लास्टिकचा किंवा वेल्क्रोचा छोटा लूप मिळतो, जोर आला की तो मुद्दाम सुटतो, रिकामा हुक तिथे ठेवायचा. नसेल तर लोंबकळू दे, ते परवडलं.

लॅनयार्ड बीमला गुंडाळून परत स्वतःवर हुक लावणं साध्या लॅनयार्डला चालत नाही. काही लॅनयार्ड त्यासाठी बनवलेली असतात, पट्टा जाड, हुकचं गेट मजबूत आणि तसं स्पष्ट लिहिलेलं. तुमच्यावर तसं लिहिलेलं नसेल तर विषय बंद. ईएन ३६२ चा साधा हुक लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन घेतो, पण आडवा ओढला तर मानकात फक्त ७ ची अट आहे. गुंडाळलेल्या पट्ट्यावर हुक कसा फिरेल सांगता येत नाही, आणि धारदार कडेवर पट्टा कापला जातो ते वेगळंच. ओशाच्याच मार्गदर्शनात लिहिलंय की आय किंवा एच बीमभोवती दोर बांधला तर त्याची ताकद ७० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, आणि दोराला मारलेली गाठ निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद खाऊ शकते. त्यामुळे वरच्या बीमला बीम क्लॅम्प लावा, नाहीतर अँकर स्लिंग घ्या, कडेवर पॅड ठेवा आणि स्लिंगच्या दोन्ही डोळ्यांत लॉकवाला कॅराबिनर.

एका रिंगमध्ये दोन हुक घालू नका, हुकला हुक लावू नका. रिंग फिरून गेटवर दाब देते आणि हुक आपोआप उघडून बाहेर पडतो, कुणी हातही न लावता. लॉकवाल्या हुकने हे बरंच थांबतं, पण रिंग लहान आणि हुक मोठा असेल तर तरीही भरवसा नाही. लावल्यावर गेट पूर्ण बंद झालं का ते डोळ्यांनी बघा आणि ओढून बघा, नुसत्या "टक्" आवाजावर जाऊ नका. इन्सुलेशनच्या कामात तर लोकरीचे धागे आणि पत्र्याचा कीस गेटमध्ये अडकतोच. बीमवरून पुढे सरकताना नवीन हुक आधी, जुना नंतर. पाइप, केबल ट्रे, रेलिंग हे अँकर नाहीत, कितीही जाड दिसले तरी.

निवांत_नाही:
थोडं वेगळं बोलतो. दोन्ही हात गुंतणारं काम, तासन्‌तास, आणि फक्त ५ मीटर उंची. इथे रेलिंगवाला स्कॅफोल्ड किंवा लिफ्टचा प्लॅटफॉर्म का नको? पडूच नये ही सोय आधी बघायची, पडल्यावर पकडायची सोय नंतर. वरचे दोन्ही प्रतिसाद अगदी बरोबर आहेत, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं उत्तर आहे. जागाच नसेल तिथे हार्नेस.

आणि लटकलेला माणूस खाली कोण आणणार हे आत्ताच ठरवा. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलं की पायात रक्त साचतं आणि माणूस लवकर बेशुद्ध होऊ शकतो. "फोन करू, येतील" ही योजना नाही. शिडी किंवा लिफ्ट जवळ हवी, ती कुणाला चालवता येते ते ठरलेलं हवं आणि एकदा करून बघितलेलं हवं. लटकलेला शुद्धीत असेल तर पाय हलवत राहायला सांगा, हार्नेसला पाय टेकायचे पट्टे असतील तर ते उघडायला शिकवा.

धागाकर्ता:
खूप खूप आभार सगळ्यांचे, हा ६.२५ चा हिशेब आजच मांडला, सुपरवायझरांनी स्वतः परत मोजून बघितलं आणि कमरेखालची लाइन रद्द केलीये. जिथे जमेल तिथे स्कॅफोल्ड, उरलेल्या दोन गाळ्यांत वरच्या बीमला क्लॅम्प आणि ब्लॉक. खाली लिफ्ट उभी ठेवणार. एक शेवटचं विचारतो, सामान नवीन असलं तरी रोज तपासायचं का, आणि काय बघायचं?

गाठ_मारा:
दर वेळी घालण्याआधी, आणि ते घालणाऱ्यानेच. शिवाय जाणकार माणसाकडून वर्षातून निदान एकदा तपासणी, तारखेसकट नोंद करून. पट्टा हातात धरून उलटा वाकवा, म्हणजे कापलेले धागे वर येतात, शिलाई बघा, चकाकी आलेला किंवा कडक झालेला भाग म्हणजे उष्णता किंवा केमिकल लागलंय. अब्सॉर्बरचं कव्हर फाटलेलं नको. हुकचं गेट सोडल्यावर स्वतःहून पूर्ण बंद व्हायला हवं. ब्लॉकचा पट्टा झटकन ओढा, तिथल्या तिथे लॉक झाला पाहिजे, हळू सोडला की सगळा आत गेला पाहिजे. लेबल वाचता येत नसेल तर ते सामान बाजूला. आणि एकदा कुणी त्यावर पडलं, अगदी अर्धा मीटर का असेना, की ते लॅनयार्ड परत वापरायचं नाही, लगेच कापून टाका, नुसतं कोपऱ्यात ठेवलंत तर दुसऱ्या शिफ्टचं कुणीतरी उचलून घालतं. ब्लॉक मात्र कंपनीकडे तपासणीला पाठवा, त्यांनी पास केल्याशिवाय तो साइटवर नको.