दोन रंगांवरून वय ठरवू नका, तळ बघा

जुन्या स्टोनवेअरच्या (दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीच्या) भांड्यांवरच्या या चर्चेत वर कुणीतरी 'वरचा भाग पिवळट-तपकिरी आणि खालचा पांढरट असला की मातीचा जग शंभर वर्षांपूर्वीचा विलायती' असं म्हटलंय, ते मला पटत नाही. ही दुरंगी झिलई इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला साधारण 1835 च्या सुमारास आली हे खरं, पण ती इतकी सोयीची निघाली की पुढे सगळीकडे उचलली गेली. आपल्या लोणच्याच्या बरण्या आठवा, तेच रंग. तळावर नुसतं 'इंग्लंड' असेल तर मात्र वस्तू बहुधा 1891 नंतरची, कारण अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं तेव्हापासून सक्तीचं झालं. शिक्का नसला म्हणून ती त्याआधीची ठरत नाही.

तळाच्या झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब सोडून बघा, हे इथे कुणी लिहिलं नाही. खरं स्टोनवेअर 1200 अंशांच्या आसपास भाजलेलं असतं, थेंब तसाच राहतो. साधी भाजलेली माती तो पिऊन टाकते.

आजीची बरणी विकायला नेली तेव्हा दुकानदाराने आधी बोटाने टिचकी मारली. आवाज बद्द आला. दादरा बांधायच्या गळ्याखाली केसाएवढी चीर होती, आम्हाला इतकी वर्षं दिसलीच नव्हती. त्याने भाव तिथेच निम्म्यावर आणला. मी ती परत घेऊन आले, आणि ते बरंच झालं.